गच्चीवरची जुनी साडी

जयपूर, ९ मे २००६

ट्रकवाल्यांचा संप चालूच. सूनबाई राजा पार्कातल्या मोठ्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन आली. शेवटी भाजी झाली ती शेजारच्या विमलाजींनी दिलेल्या मंगोड्यांची, म्हणजे आपल्या मुगाच्या सांडग्यांची. आणि जेवता जेवता समीर म्हणतो, "आई, गच्ची मोबाइल टॉवरला देऊन टाकू. तिथे आता करतोच काय आपण?"

"तुझ्या ताटात आहे ते."

हसला. "मतलब, सांडगे पाकिटातही मिळतात, आई."

पाकीट काय चालत येणार आहे? पीठ, दूध, भाजी, सगळं एकाच हायवेवरून. तो अडला की घर अडलं. नागपूरला आईकडे भाजी नसली तर वाळवणाचा डबा निघे, डबा संपला तर शेजारून वाटी येई. इथे बदलून आल्यावर मीही तेच केलं. माझ्या कुरडया, विमलाजींच्या मंगोड्या, मधल्या कठड्यावरून. जुन्या साडीवर वाळवण, आणि कॉन्व्हेंटात शिकलेली मी कावळे हाकलत बसलेली. किती हसायचो दोघी. का सोडलं मी? गुडघ्यांसाठी?

समीरला सांगितलं, टॉवर नको. गच्ची अजून माझ्या नावावर आहे.

मुगाची डाळ भिजत घातली आहे. ती साडी सापडली. विरली आहे, पण उन्हाला चालेल.