कप्पेकल्लुवरची ट्रायल

२ फेब्रुवारी
ठरलं. शिवरात्रीनंतरच्या शनिवारी कप्पेकल्लुच्या वाळूवर कॅम्पिंग. मी, सहना, तिचा भाऊ भार्गव आणि इब्राहिम. लीडर मी. कमीत कमी खर्चात. बाहेरचे लोक असल्या एका रात्रीला रिसॉर्टवाल्यांचं घर भरतात. वाळू आमची, समुद्र आमचा, पैसे कशाचे?

विषय सहनानेच काढला. आमच्या घाण्यावर खोबरेल न्यायला आली होती. म्हणाली, कुमट्यात जन्म गेला पण कप्पेकल्लुवर एक रात्र काढली नाही, कुठून कुठून लोक येऊन राहून जातात. मी म्हटलं, त्यात काय, मी नेतो. म्हणाली, तू? आणि हसली.
त्या 'तू'ने दिवसभर डोकं तापलंय. अप्पा काहीतरी बोलले तर त्यांच्यावरच खेकसलो.

३ फेब्रुवारी
ती हसली ते कॉलेजमुळे, हे उघड आहे. आम्ही एका वर्गात होतो. तिने बीएस्सी पूर्ण केलं, मी मधेच सोडलं. पण मी तत्त्वासाठी सोडलं. केमिस्ट्रीच्या सरांनी तोंडी परीक्षेला सगळ्यांच्या आधी माझं नाव पुकारलं, ते मुद्दाम. मी उठून चालता झालो. लोक म्हणतात पळाला. पोटात कळ आली होती.
आता तिला बेंगळुरूच्या नोकरीचं पत्र कधीही येईल. त्याआधी तिने मला एकदा तरी नीट बघायला हवं. शेकोटीपाशी, शांत, हातात काठी. मग बोलायचं ते बोलणार.

५ फेब्रुवारी
तंबूचा प्रश्न सुटला. भाड्याने मिळतात, पण लुटतात. आमची जुनी पांढरी मच्छरदाणी, चार बांबू, वरून सुपारी वाळवायची ताडपत्री. डोकं लागतं.
मच्छरदाणी मागितली तर अम्माच्या शंभर चौकशा. शेवटी म्हणाली, जा, पण तिन्हीसांजेनंतर कुणी नावाने हाक मारली तर ओ देऊ नकोस. झालं सुरू. रात्री दारोदार फिरणारी हडळ म्हणे ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की माणूस संपला. म्हणून आमच्या दारावर अजून खडूने 'उद्या ये' लिहिलेलं असतं. ती वाचते आणि परत जाते. रोज येते, रोज वाचते, रोज परत जाते. मी म्हटलं, इतकी आज्ञाधारक असेल तर घाण्यावर कामाला ठेवू. अम्मा हसली नाही.
अशा गोष्टी मी मानत नाही.

७ फेब्रुवारी
इब्राहिम येत नाही म्हणाला. म्हटलं, का? म्हणाला, मला भीती वाटते. असं सरळ, चहा पिता पिता. लाज नाही. वर मलाच विचारतो, काय रे लीडर, तुला नाही वाटत? मी ग्लास आपटून उठलो. ग्लास फुटला. हॉटेलवाल्याशीही वाजलं.
उलट बरंच झालं. गर्दी कमी.

८ फेब्रुवारी
नवा विचार: आधी एकट्याने ट्रायल. लीडरला जागा माहीत हवी. बारा तारखेला पौर्णिमा आहे, त्या रात्री. उजेड असतो म्हणून नाही, वातावरण चांगलं असतं म्हणून.
सहनाला सांगितलं. सहज, अंगणात सायकल टेकवून. म्हणाली, एकटा? रात्रभर? या वेळी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जेवायचं काय करणार? मी म्हटलं, चालेल काहीही. फार छान बोललो मी.

१० फेब्रुवारी
माहिती म्हणून मोबाइलवर थोडं पाहिलं. समुद्री साप. ओढून नेणारे प्रवाह. किनाऱ्याला लागलेल्या वस्तू. एका माणसाने रिकाम्या किनाऱ्यावर रात्रभर कॅमेरा लावून ठेवला होता. शेवटच्या मिनिटात वाळूवर पावलं उमटतात, माणूस नाही. खोटं असणार. पुन्हा पाहिलं. खोटंच.
झोप लागत नाहीये. उकाडा फार.

११ फेब्रुवारी
ट्रायल संपूर्ण रात्रीची असायची गरज नाही. चंद्र वर येईपर्यंत थांबलं तरी जागेचा अंदाज येतो. बाकी अनुभव कल्पनेने भरता येतो.
सामान भरलं. काठी, दोन टॉर्च, एक जास्तीचा टॉर्च, काडेपेटी, अंगारा (अम्माने खिशात घातला, काढायला विसरलो), कोळशाचा तुकडा. कोळसा शेकोटीसाठी.

१२ फेब्रुवारी, सकाळ
मन अगदी स्थिर. दोनदा उलटी झाली. कालची बांगड्याची आमटी शिळी असावी. घरात बाकी कुणाला काही झालं नाही, म्हणजे मलाच जास्त वाढली होती.

१२ फेब्रुवारी, रात्र. घरी.
सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो. अक्षर तिरपं येतंय, धावल्यामुळे.
काजूच्या बागेतून टेकडी उतरून गेलो. खाली कुणी नव्हतं. तंबू उत्तम उभा राहिला. वाऱ्याने ताडपत्री उडून खडकांत गेली, ती काढायला खाली वाकावं लागलं असतं आणि खडकांखाली पाणी चमत्कारिक आवाज करत होतं, कुणीतरी घोट घेतल्यासारखा. म्हणून ताडपत्री राहू दिली. सूर्य एकदम बुडाला. आमच्याकडे इतक्या लवकर बुडत नाही.
गंमत म्हणून कोळशाने मोठ्या खडकावर 'उद्या ये' लिहिलं. मग आणखी दोन खडकांवर लिहिलं.
लघवीला म्हणून खडकाआड गेलो. परत वळलो तर वाळूवर ते. पांढरं. माझ्याहून उंच. पाय चार, तोंड नाही. सबंध अंग श्वास घेतल्यासारखं फुगत होतं आणि बसत होतं. टॉर्च मारायचं सुचलं नाही, तिन्ही टॉर्च तंबूत होते, आणि तंबू कुठे दिसेना.
आणि मग टेकडीच्या बाजूने हाक आली. नागेंद्र. बाईचा आवाज. पुन्हा, जवळून, अरे नागेंद्र. आवाज सहनाचा. हुबेहूब. असाच आवाज घेऊन येते, अम्मा म्हणते तसा.
मी ओ दिली नाही. ताठ उभा राहिलो आणि दरडावून म्हणालो, उद्या ये. तीनदा म्हणालो. मग शांतपणे तिथून निघालो. चप्पल वाटेत कुठे गेली कळलं नाही. काजूच्या काट्याकुट्यांतून सरळ वर.
अम्माने दार उघडलं, तोंडाकडे बघितलं. मीठ ओवाळलं.

१३ फेब्रुवारी, सकाळ
उजेडात नीट विचार केला. किती लोकांनी तिला समोरासमोर परत पाठवलंय? दारावर लिहून घरात दडणं वेगळं. मी उघड्या वाळूवर, एकटा. घाण्यावर येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. इब्राहिमला सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, चार पायांचं, पांढरं, वाऱ्याने फुगणारं? आणि तोंड फिरवून खांदे हलवत बसला. घाबरला असणार.
आता सहनाच्या कानावर जाईल. जायलाच हवं.

१३ फेब्रुवारी, दुपार
सहना घाण्यावर आली. हातात माझी मच्छरदाणी, नीट घडी केलेली. वर चप्पल, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.
म्हणाली, उद्या ये म्हणालास, म्हणून आले.
मी स्टूल पुढे केलं. ती उभ्या उभ्याच बोलत होती. नोकरीचं पत्र परवा आलं. आज रात्रीची बस. घरात रडारड चाललेली, म्हणून काल संध्याकाळी भार्गवला गाडी काढायला लावली. तो वर टेकडीवर थांबला, ती एकटी खाली उतरली. मी एकटा बसलो असेन, उपाशी, म्हणून. डब्यात नीर डोसे आणि कालवांचं सुकं होतं. मी म्हटलं, होतं म्हणजे? म्हणाली, कुत्र्यांना घातलं. तुझ्यासाठी भरलेला डबा, दाखवायला आणलाय, बघ, धुतलाय. डबा तिच्याच घरचा होता.
म्हणाली, खडकांवरही लिहून ठेवलं होतंस. मला वाटलं, माझ्यासाठीच पाट्या लावल्यात.
मी विचारलं, नुसतं जेवण द्यायला आली होतीस की काही सांगायचं होतं? तिने घाण्याच्या बैलाकडे पाहिलं. म्हणाली, होतं. ते कालचं होतं.
मी म्हटलं, आज सांग. म्हणाली, आज तुझ्याकडे बघून हसू येतंय रे, नागेंद्र. पण ती हसत नव्हती.

१३ फेब्रुवारी, रात्र
स्टँडवर गेलो नाही. भार्गव असणार, आणि त्याच्याशी माझं पटत नाही. बसचा हॉर्न घरापर्यंत ऐकू आला. तीच असेल असं नाही.
पुढचा बेत पक्का: मीच बेंगळुरूला जाणार. तिच्या ऑफिसच्या दाराशी उभा राहणार आणि नावाने हाक मारणार. परवाच निघतो.

१५ फेब्रुवारी
रात्रीची बस घाटातून जाते. दिवसाची चौकशी करतो.

१६ फेब्रुवारी
दिवसाचीही घाटातूनच जाते.
दारावरची अक्षरं पुसट झालीत म्हणून अम्मा खडू घेऊन उभी होती, हात पुरत नव्हता. म्हणाली, तू लिही, नाहीतरी तू मानत नाहीस. लिहून दिलं. ठळक. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.