नाल्यापलीकडचं लेकरू

९ डिसेंबर, मंगळवार
डोळ्याला डोळा लागला नाय. माझ्या मैतरणीचं, नसरीनचं लेकरू माझ्यापाशी हाय, म्हणून.

काल सकाळी ती नाला वलांडून आली. म्हणली, "करुणा, अम्मी कू दवाखाने में डाले. मुन्ने कू रख ले, यूँ गई यूँ आई." दुपारी चौकात दगडं सुरू झाले. मग संचारबंदी. पोलिसांनी नाल्यावर बॅरिकेट लावले. ती आलीच नाय!

माझ्या लेकीचे, प्रेरणाचे पप्पा वाळूजला कंपनीतच अडकले, बशी बंद. आन् माझा फोन — प्रेरणानं परवाच बादलीत बुडवला. कुणाला सांगू?

मुन्ना बाटली तोंडात घेईना. रडून रडून निळा पडला. मी नुसती बघत उभी. सासूबाई वरडल्या, "आगं म्हशीवाणी उभी काय ऱ्हायली? पान्हा हाय नव्हं तुला? लाव की!"

लावलं. असं वढलं त्यानं, बापरे! प्रेरणानं बघितलं आन् त्याचा कानच धरला.

१० डिसेंबर, बुधवार
गल्लीतली पोरं नाल्याला 'बॉर्डर' म्हणायलेत. पलीकडं 'पाकिस्तान'. काय हाय तिथं? नसरीनचं घर, आन् पिठाची गिरणी. माझं दळण तिथंच पडलंय!

सासूबाईंनी हे ऐकलं. म्हणल्या, गोऱ्या सायबानं रेघ मारून देशाचे दोन तुकडे केले, तव्हा त्यांच्या सासूची मैतरीण हमीदा घरच्यांसंगं कराचीला गेली. जाताना गाभण शेळी ठिवून गेली. म्हणली, "ब्याने के पहले आती मैं." शेळी व्याली. पिल्लांना पिल्लं झाली. हमीदा आली नाय.

मी म्हणलं, "आत्याबाई, आज नका सांगू असलं."

मग मुन्न्याच्या गळ्यातला तावीज त्यांनीच सोडला, आन् तांदळाच्या डब्यात खुपसला.

मुन्न्याचा खतना झालाय. लंगोट बदलायचा तर दाराला कडी घालते.

बुधवारीच, संध्याकाळी
पलीकडून धूर दिसतो. कुणाचं घर, कळंना.

११ डिसेंबर, गुरुवार
कचरू आला व्हता. शेजारचाच. माझ्या लग्नात ह्यानंच वाढलं! आज संगं चार पोरं, हातात काठ्या.

"वैनी, दोन दोन लेकरं रडायचा आवाज येतो. जुळं कधी झालं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सोयगावच्या भावाचं हाय. अभयचं. वैनी आजारी हाय, म्हणून आणलं."

"नाव?"

"राहुल."

"मग भावाला फोन लावा की."

खोटंच म्हणलं, फोन भिजला, नंबर त्यातच व्हता. तर हसला. "काळजी नको. माझा साडू सोयगावातच ऱ्हातो. उद्या जाऊन भेटंल तुमच्या भावाला. कळंलच." जाताना मुन्न्याच्या गालाला हात लावला. "गोरं हाय वो. तुमच्यात कुणावर गेलं?"

सासूबाई म्हणल्या, "माझ्यावर! तरणेपणी नाय बघितलं तू मला." पोरं हसले. कचरू नाय हसला. माझ्या भावाचं लेकरू सासूवर कसं जाईल?

काय बोलून बसले मी! अभयच्या लग्नाला आठ वर्षं झाली, घरात पाळणा नाय. सगळ्या सोयगावाला ठावं हाय. बहिणीचं म्हणले असते तर? नाय, तेबी नाय. डोकंच चालंना. दूध बी कमी आलं आज, भ्यानं. दोघं रडायलेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
संचारबंदी दोन तास उठली. दूधवाल्या कडुबाचा टेम्पो सोयगावच्या वाटंवर सिल्लोडपातुर चाललाय. त्याला काय सांगितलं नाय. दोन्ही लेकरं घिऊन अभयकडं निघाले. सासूबाई येत नाय म्हणतात — "लेक आला तर घरात कुणी तरी पायजे. आन् नसरीन आली तर?" त्यांना वाचता येत नाय. वही त्यांच्यापाशी. त्या ज्याच्या हातात देतील, त्यानं आधी माझ्या भावाला फोन लावा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर हाय. कचरूचा साडू त्याच्याकडं पोचायच्या आधी लावा. त्याला म्हणा — अभय, तुला लेकरू हाय. राहुल नाव हाय. कुणी बी इचारलं तर व्हय म्हण.