मतदानाच्या वेळी मी बाहेर होतो

प्रिय हेस्टर,

परवा फोनवर तू समुद्र अडवायच्या भिंतीचं विचारलंस आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो. तोंडाने सांगवेना, म्हणून लिहितोय. भिंत होणार नाही. आपली गल्ली, चर्च आणि चर्चमागची तुझ्या आईची जागा, सगळं समुद्राला देऊन टाकायचं ठरलंय.

आपल्या नगरसभेची हद्द केवढी लांबट, तुला ठाऊकच आहे. एका टोकाला आपण, बाकी सगळे आत, शेतांकडे. टाउन हॉलही तिकडेच. तिथल्या नगरसेवकांना समुद्र आठवतो तो ऑगस्टमध्ये, आइस्क्रीम खाण्यापुरता. तरी या वेळी मी एकेकाच्या दारात जाऊन बसलो होतो गं. तो खडूस पर्सी ब्लँडफर्ड, ज्याच्याशी माझं जन्मात पटलं नाही, तोसुद्धा म्हणाला, देतो बाबा मत, पण आता माझं डोकं खाऊ नकोस. मला खरंच वाटलं, जमलं.

सभेत विषय पुकारला आणि मी माझ्या नगरसेवकाच्या खुर्चीवरून उठलो. माझं घर त्या भिंतीमुळे वाचणार, म्हणजे माझा त्यात स्वार्थ. तसं सांगायचं आणि सभागृहाबाहेर जायचं, हा नियम. आधी अर्ज केला असता तर बसू दिलं असतं. सचिवबाईंनी तसं सुचवलंही होतं. मलाच लाज वाटली. स्वतःच्या घरासाठी हात वर करायची परवानगी मागायची? उभा राहिलो बाहेर, चहाच्या टेबलापाशी, शहाण्यासारखा. आत मतं समसमान पडली. मग महापौरांनी आपलं जादा मत विरोधात टाकलं. माणूस वाईट नाही. पैसे नाहीत म्हणाला, आणि नाहीतच.

घरी आलो तर शेजारची मेव्हिस फाटकात उभी. तिला सगळं कळलं होतं. एवढंच म्हणाली, "लॉरेन्स, लई प्रामाणिक वागलास. आता तोच प्रामाणिकपणा पांघरून झोप." तेव्हापासून तिचे पडदे बंद. दर रविवारी माझ्यासाठी घरी भाजलेला ॲपल-पाय आणायची, तो आता कुत्र्याला घालत असेल. रागवू कोणत्या तोंडाने? तिचं घर माझ्याही आधी जाणार आहे.

आता पुन्हा अर्ज करा, वकील गाठा, असलं काही सुचवू नकोस. सगळे दरवाजे ठोठावून झाले. गेल्या वादळात कड्याचा आणखी एक लचका गेला आणि चर्चचं कुंपण खाली लोंबकळायला लागलं.

काल पाद्रीबाई आल्या होत्या. समुद्राकडच्या कबरी हिवाळ्याआधी उचलून टाउन हॉलच्या गावात नेणार आहेत. तुझ्या आईचा नंबर मंगळवारी आहे. त्या गावात तिचा जीव गुदमरायचा, बाजारहाट आटपून कधी एकदा घरी येते असं व्हायचं तिला. घरच्यांनी न आलेलंच बरं, असं बाई हळूच म्हणाल्या. मी जाणार आहे. तिला पुरलं त्या दिवशी मनाला समजावलं होतं, की याहून वाईट आता काही करावं लागणार नाही. मला एकट्याला नाही जमणार, हेस्टर. ये.

तुझाच,
बाबा