शिमग्यानंतरची शाळा

आप्पा, आज शिपाई विचारायला आला, "बाई, तुमच्यासाठी गाडी सांगू का न्हाई?" शिमगा झालाय, कचेरीतली कपाटं दोरखंडानं बांधून बैलगाड्यांवर चढायला लागली आहेत. हिवतापाच्या दिवसांत सुप्यात सरकारी माणूस राहत नाही, दप्तरासकट सगळी कचेरी हल्याळला जाते, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. तुम्ही होता तेव्हा जायची, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली तरी जातेच. मी त्याला म्हटलं, सांगते, हातातलं काम होऊ दे. हातात काही काम नव्हतं.

तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या शाळेशेजारी आता मुलींची शाळा आहे आणि तिची हेडबाई मी आहे. मुली कधी येतात सांगू? तुमच्या वेळी मुलगे यायचे तेव्हाच. भात झोडून कणगीत पडलं, शिमग्याचे खेळ आटोपले, की कुणब्यांची पोरं मोकळी होतात. पाऊस लागला की परत चिखलात. म्हणजे शाळा भरायची वेळ आणि मास्तरांनी पळायची वेळ एकच! तुम्हाला याचा केवढा संताप यायचा. एकदा कचेरीतल्या कारकुनाला तुम्ही ओट्यावरूनच सुनावलंत, "ताप काय सरकारी माणसालाच ओळखतो? पोरं आत्ता कुठं यायला लागलीत, नि मी गाठोडं बांधू?" मी दाराशी उभी होते. असला बाप आपला, म्हणून माझी छाती फुगली होती.

मग आपण राहायचो. पेठ ओस पडायची, आणि शाळा मात्र गच्च. सकाळी तुम्ही पोरांना रांगेत उभं करता, "आ करा" म्हणता आणि पोस्टातून आणलेली तापावरची कोयनेल चिमूट चिमूट एकेकाच्या जिभेवर टाकता. पोरं तोंडं वेडीवाकडी करतात, तुम्ही हसता, वर गुळाचा खडा देता. घरी आई चुलीपुढं काढा उकळत बसलेली असते, मांडीवर माझा धाकटा भाऊ. "गावाला उजेड, नि दिव्याखाली अंधार," ती म्हणते. "यंदा तरी चला हो. ह्याला अजून धड उभं राहता येत नाही." तुम्ही म्हणता, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तो धावत होता, तुमच्या छत्रीचा घोडा करून अंगणभर उंडारत होता. त्याच वर्षी तापानं त्याला नेलं. कोयनेल त्यालाही दिली होतीत, मी डोळ्यांनी पाहिलंय. आईनं ते कधी मानलं नाही.

धाकटा गेल्यावर कुणबी वाड्याचा म्हातारा बुधवंत, त्यांचा प्रमुख, कंदांची बुट्टी घेऊन आला आणि पायरीवरच बसला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी जावा. आमी हितंच जल्मलो, आमचं काय ते हितंच व्हईल. तुमास कुणी बांधून घातलंय व्हय?" त्या दिवशी आईनं ते कंद शिजवले नाहीत.

पुढच्या शिमग्यानंतर पहिली गाडी आपली निघाली. वाड्यावरची पोरं पाट्या घेऊन रस्त्याकडेला उभी होती. ती शाळेला आली होती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकानं ओरडून विचारलं, "मास्तर, कवा येनार?" तुम्ही बैलांकडं बघत राहिलात. मी म्हटलं, "आप्पा, पोरं आलीत." तुम्ही खेकसलात, "गप्प बस. मी सरकारचा नोकर आहे, गावाचा बाप नव्हे." आणि जिनं इतकी वर्षं चला चला म्हणून डोकं फोडलं होतं, ती आई पदराआडून म्हणाली, "आता कुणासाठी निघालात?" मी तिला टेकूनच बसले होते, आप्पा. तुम्ही नुसता माझ्या कपाळाला हात लावून पाहिलंत, अंग गरम आहे का ते.

त्यानंतर तुम्ही चांगले हेडमास्तर झालात म्हणे! घंटा वेळेवर, तपासणीला येणारे साहेब खूश, आणि वाड्यांवर पोरं गोळा करत हिंडणं कायमचं बंद. कारकून म्हणायचे, मास्तर शहाणे झाले. मला तुमचा फार राग यायचा. वाटायचं, धाकट्याबरोबर तुमच्यातला मास्तरही गेला, आणि उरलेल्या माणसाशी माझं काही देणंघेणं नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणातही मी धड बोलले नाही. स्वतः त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं, तो मास्तर कुठं गेला नव्हता. गावाला पुरत होता तेवढा जीव तुम्ही एकट्या माझ्यावर पांघरलात. कुणीतरी मला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हीच का नाही सांगितलंत?

आज बाकं पुरली नाहीत, मुली जमिनीवर बसल्या. त्या बुधवंताची पणती पहिल्या रांगेत आहे. कोयनेल दिली की डोळे गच्च मिटते, पण थुंकत नाही.

आणि मी? तुमच्या गाडीत मी होते. माझ्या गाडीत कुणी नाही, लग्न केलं नाही, कुणाच्या कपाळाला हात लावून बघायचं नाही. मला नुसती भीती वाटते, माझ्या एकटीच्या जिवाची. एवढं सांगायलाच बसले होते, आणि हे पत्र चुलीखेरीज दुसरीकडं जाणार नाही. शिपायाला संध्याकाळी निरोप दिला. गाडी उद्या सकाळी येईल. मुलींना अजून सांगितलेलं नाही.