नव्या गाडीचा वास

ती. सौ. वन्सं यांना,
साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्या प्रकृतीचं विचाराल, तर गाडी घेतल्यापासून महिनाभर ती बिघडलेलीच आहे.

गाडी चांगली आहे हो. पण निवृत्त झालेल्या तुमच्या बंधुराजांना गाडीपेक्षा तिचा वासच जास्त आवडलाय. तो उडून जाईल म्हणून काचा उघडू देत नाहीत, सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढू देत नाहीत (मी कात्री घेऊन गेले, तर दारात आडवे उभे!). मी तीस वर्षं सोफे शिवतेय. फोम, रेक्झिन, गम यांचा वास मला नवा नाही. दुकानात दारं सताड उघडी टाकून, पंखा लावून बसते. पण घरात मला विचारतो कोण? "तुझा वास गमाचा, हा नवेपणाचा," म्हणे.

परवा गाडी दुपारभर उन्हात तापली आणि त्याच भट्टीत सासूबाईंना बसवून आम्ही बँकेत निघालो. पहिल्या सिग्नलला त्यांचे डोळे चुरचुरले, दुसऱ्याला डोकं गरगरलं, तिसऱ्याला त्या यांच्या मानेवरच ओकल्या (नेम अचूक). तरी हे म्हणतात, "आईचं पित्त!" तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि थेट खाली येऊन गाडीत डोकं घातलं. ठसकतच बाहेर आल्या. म्हणाल्या, "फोम पेटू नये म्हणून त्यात रसायनं घालतात, शिवाय गम, प्लॅस्टिक. उन्हात ते सगळं हवेत उतरतं. आजी ठणठणीत आहेत, औषध गाडीला हवंय. सावलीत लावा, काचा उघडा, ती कव्हरं काढा."

यावर तुमच्या भावानं काय करावं? गुलाबाच्या वासाच्या तीन बाटल्या आणून आत टांगल्या! आता गमाला गुलाबाचा वास येतो आणि आम्ही दोघी बसनं जातो. कपाळ माझं!

भावोजींना नमस्कार सांगा.
तुमची,
वैतागलेली भावजय

ता. क. तुमच्या घरापुढे ऐसपैस जागा आहे, झाडाची सावली आहे. दोन महिने गाडी तिथे काचा उघड्या टाकून ठेवाल का? तुमच्यापुढे यांची बोलती बंद होते, म्हणून विचारते.

आणखी एक ता. क. गाडीला एकटी सोडायला हे तयार नाहीत, तेव्हा तिच्याबरोबर हेही दोन महिने राहतील. सासूबाई मात्र इथेच राहणार. यांची बॅग त्यांनीच भरून दारात ठेवली आहे.