तीनशे बारा तोंडं

६ जानेवारी, सोमवार
पुन्हा ट्रेनिंग! बाळापूरहून सकाळची एसटी, अकोल्यात स्टँडवरून पायी, हॉलमध्ये पोचले तर पंखे सुरू — जानेवारीत! बंद करायला कुणी उठेना. आधी क्षयरोगाचं झालं, मग कुष्ठरोगाचं, मग ॲपचं. आता तोंडाच्या कर्करोगाचं, तीन दिवस. एकोणीस वर्षं नर्स आहे, त्यातली दोन तरी अशा खुर्च्यांवर गेली असतील.

शिकवायला डॉ. स्वराली. दातांची डॉक्टर, माझ्या भाचीच्या वयाची. पहिलाच प्रश्न — "सिस्टर, तुमच्या रजिस्टरमध्ये जेवढी तोंडं 'निरंक' आहेत, त्यातली किती तुम्ही खरंच उघडून पाहिली?"
मी पेनाचं टोपण शोधायला लागले.

७ जानेवारी, मंगळवार
काल एक गोष्ट लिहायची टाळली. आज लिहून टाकते.

आमच्या गावची आशाबाई. वांग्यांची टोपली घेऊन बाजारात बसायची. सकाळ-संध्याकाळ तंबाखूचं मंजन घासायची. गेल्या मार्चमध्ये तपासणीचा रिपोर्ट जायचा होता, ती वावरात होती, माझे पाय दुखत होते. उपकेंद्रात बसूनच तिच्या नावापुढे "निरंक" लिहिलं. नोव्हेंबरात तिच्या गालाला आरपार भोक पडलं. डिसेंबरात गेली. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. ते रजिस्टर पाहतं कोण? मी पाहते. रोज पाहते.

आज प्रात्यक्षिक झालं. हातमोजा, गॉज, टॉर्च. दोन्ही गाल आतून, जीभ, जिभेखाली, टाळू, सगळ्यात मागची दाढ. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम. तोंडात उभी तीन बोटं जातात का? तिखट झोंबतं का? जोडीजोडीने एकमेकींना तपासायचं होतं. माझ्या जोडीला शेजारच्या उपकेंद्राची माया. ती म्हणे, "माह्यं काय पाहतं वं, लिही नॉर्मल, चहा आला." आणि मी लिहिलं! आशाबाईच्या नावाने हळहळून चोवीस तास झाले नव्हते. अजूनही मीच ती, न पाहता लिहिणारी.

८ जानेवारी, बुधवार
सर्टिफिकेट मिळालं. येताना बाळापूरपर्यंत उभी.

ठरवलं. आमच्या गावात तिशीच्या वरची माणसं तीनशे बारा. यादी जयवंताबाईंनी — आमच्या गावच्या आशा सेविकेने — घरोघर फिरून केलेली आहे, एकही घर सुटलेलं नाही. यातलं एकही नाव बसून लिहायचं नाही. एकही नाही.

१३ जानेवारी, सोमवार
दुपारपर्यंत चार तोंडं. फक्त चार! बाया तोंडाला पदर लावतात आणि हसतात. झेंडूवाल्या मनकर्णाबाई तर उखडल्याच — "सुनेसमोर तोंड वासू काय मी? काई झालं नाई मले!"

तेव्हा जयवंताबाईंनी कमाल केली. ओट्यावर मांडी घालून बसल्या, पदर खोचला आणि हे एवढं तोंड उघडलं. "मारा टॉर्च, सिस्टर! दाखवा यायले, काय जीव जाते काय ते!"
मी टॉर्च मारला. हा गाल, ही जीभ, ही टाळू — बायांना वाकून वाकून दाखवलं. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांवर. कोण बिचकली, कोण तयार होतेय, ते बरोबर कळतं. जयवंताबाईंनी तोंड मिटलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "झालं! आता कोन?"
मनकर्णाबाईच पुढे आल्या.

संध्याकाळी आकडा सव्वीस. ही बाई नसती तर मी काय केलं असतं!

१६ जानेवारी, गुरुवार
आज जयवंताबाईंचं तोंड अकरा घरी उघडलं. माझे गुडघे गेले.

२२ जानेवारी, बुधवार
पोलीस पाटलांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. जयवंताबाईंची अक्कल — दारातच खुर्ची टाकली. आधी तोंड उघडायचं, मग हळदीकुंकू, मग तिळगूळ! सुरुवात अर्थातच स्वतःपासून. बाया रांगेत खिदळत होत्या. एका दुपारी एक्केचाळीस.

नंतर पाटलीणबाईंनी गरम भजी दिली. जयवंताबाईंनी प्लेट सरकवून दिली. "नाई जात आता तिखट. थकली मी, सिस्टर." मलाही कुठे जात होतं. दोघींनी नुसता चहा घेतला. कंबर, मान, डोळे, सगळं दुखतंय.

२९ जानेवारी, बुधवार
मनकर्णाबाईंचे मालक शेषराव. वीस वर्षांपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. तोंडात जेमतेम दोन बोटं, उजव्या गालात आतून पांढरा चट्टा. मागच्या आठवड्यात चिठ्ठी देऊन अकोल्याला पाठवलं होतं. आज रिपोर्ट आला — अगदी सुरुवात आहे, बरं होईल. डॉ. स्वरालींचा फोन आला. "सिस्टर, सहा महिन्यांनी आले असते तर अवघड होतं."

मनकर्णाबाई उपकेंद्रात ओटीभर झेंडू टाकून गेल्या. मी दार लावून रडले. खूप दिवसांनी बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तीनशे बारा! आज रथसप्तमीला शेवटचं नाव झालं. एकही बसून लिहिलेलं नाही. घरी येऊन भरदुपारी झोपले, भाजी करपली तरी उठले नाही.
आशाबाई, पाहिलं का गं?

१९ फेब्रुवारी, बुधवार
उद्या अकोल्याला बोलावलंय. पूर्ण जिल्ह्यातल्या नर्सेससमोर आमची पद्धत करून दाखवायची, मी आणि जयवंताबाईंनी. त्यांनी मोतिया रंगाची नवी साडी काढून ठेवलीय म्हणे. मी म्हटलं, "भाषण करावं लागेल हं!" तर म्हणाल्या, "भाषन तुमी करा बाप्पा. मी तोंड उघडतो. तेच तं येते मले."

२० फेब्रुवारी, गुरुवार
खुर्चीवर बसल्या, पदर खोचला, तोंड उघडलं. हॉलमध्ये टाळ्या. मी टॉर्च उचलणार तर डॉ. स्वराली म्हणाल्या, "थांबा, आज मी दाखवते." पण त्यांनी नर्सेसकडे पाहिलंच नाही. आत पाहिलं. मग गॉज मागितला. डावीकडे, मागच्या दाढेपाशी, त्यांचं बोट थांबलं. टाळ्या आपोआप बंद झाल्या.

मी यादीत जयवंताबाईंचं नाव शोधलं. नाही. घरोघर फिरून यादी करणारीने स्वतःचं घर मोजलंच नव्हतं.

"मावशी, हे किती दिवसांपासून आहे?"

जयवंताबाई माझ्याकडे पाहून हसल्या. "मले काय मालूम? सिस्टरले इचारा नं. त्या तं रोजच पाहून राहिल्या होत्या."