पापणीच्या आत

लाडक्या युडॉक्सीताई,

शाळेत निघताना आई आपल्याला उन्हात उभं करून, अंगात रक्त आहे ना बघायला खालची पापणी ओढायची, आठवतं? काल इथल्या प्रसूतिगृहात, नर्सच्या ड्युटीवर, मी तेच केलं.

बाळंतीण इफेओमा सारखी म्हणत होती, "चक्कर येतेय." गोरी डॉक्टरीण म्हणाली, "चेहरा तर छान दिसतोय!"

मी म्हटलं, "बाई, आम्हा काळ्यांचा चेहरा पांढरा पडत नाही. पापणीच्या आत बघा." आत पांढरंफटक! लगेच रक्त चढवलं, म्हणून वाचली. मायलेकी खुशाल आहेत. आता डॉक्टरीण दिसेल तिची पापणी ओढते!

तू माझी काळजी करू नकोस. तुझी धाप कमी झाली का?

सोबतची शाल तुला, बिस्किटं आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टला. इफेओमाच्या बाळाचा फोटो मात्र आधी आपल्या आईच्या थडग्यावर ठेव.

तुझी आगाऊ धाकटी,
पर्पेच्युआ